अपुरी निद्रा आणि डळमळणारा आहारसंयम

चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुटते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी पुन्हा धावू लागते. मुंबईच्या लोहमार्गाला विश्रांती मिळते ती जेमतेम तीन तासांची. या लोहमार्गाच्या वेळापत्रकावर ज्यांचे आयुष्य बेतलेले आहे, त्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील गृहस्थांच्या निद्रेलाही तशीच कात्री लागलेली असते. रात्री साडेबाराला डोळा लागतो, साडेपाचला गजर होतो, आणि मधल्या पाच तासांना ‘झोप’ म्हणण्याची सवय होऊन जाते.

याच घरांमध्ये वर्षातून दोन-तीनदा आरोग्याचे संकल्प होतात. रक्ततपासणीत साखर किंचित वाढलेली आढळते. मग गोड बंद, फरसाण बंद आणि रोज चाळीस मिनिटे चालणे, असा निश्चय होतो. पंधरा दिवस तो पाळला जातो, तिसऱ्या आठवड्यात डबे पुन्हा उघडतात आणि चालण्याचे बूट कपाटाखाली जातात. दोष दिला जातो तो मनाच्या दुर्बलतेला. परंतु गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन वेगळ्या दिशेला बोट दाखवते. आहाराचा आणि व्यायामाचा संकल्प मोडतो, तेव्हा पुष्कळदा त्याआधी निद्रा मोडलेली असते.

भूक वाढते ती कशी

अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे असे मत मांडले, की १८ ते ६० वर्षे वयाच्या प्रौढाने रोज सात तास किंवा त्याहून अधिक झोप नियमितपणे घ्यावी. त्याहून कमी झोपेचा संबंध वजनवाढ, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी आढळतो. कमी झोपणारे लोक अधिक अरबट-चरबट खातात आणि कमी चालतात, असे अनेक देशांच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. मात्र केवळ पाहणीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावे लागतात.

असा एक प्रयोग शिकागो विद्यापीठात झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास बिछान्यात राहू दिले. शरीरात भुकेचे नियमन करणारी दोन संप्रेरके आहेत. ‘पोट भरले’ असा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे एक, आणि ‘खायला हवे’ असा निरोप देणारे घ्रेलिन हे दुसरे. कमी झोपेनंतर त्या तरुणांच्या रक्तातील लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्यांना जाणवणारी भूक २४ टक्क्यांनी वाढली. ओढ वाढली तीही भाजी-आमटीची नव्हे. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. मध्यरात्री शेवेचा डबा का उघडला जातो आणि दुधीभोपळा का आठवत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. जागरणात शरीर थोडी अधिक ऊर्जा खर्च करते, हे खरे. तो अतिरिक्त खर्च सुमारे पाच टक्क्यांचा होता. परंतु पाच दिवस पाच-पाच तास झोपलेल्या माणसांनी खाल्ले ते या खर्चाहून पुष्कळ जास्त, आणि तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर. त्या पाच दिवसांतच त्यांचे वजन सरासरी आठशे ग्रॅमच्या आसपास वाढले.

चित्राची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. सहसा साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० स्थूल प्रौढांवरील एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांना केवळ झोप वाढवण्याचा सल्ला दिला गेला. आहाराविषयी एक शब्दही सांगितला नाही. त्यांची झोप दोन आठवड्यांत रोज सुमारे सव्वा तासाने वाढली आणि त्यांचे खाणे, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, रोज सुमारे २७० उष्मांकांनी कमी भरले. हे प्रमाण साधारण तीन मध्यम फुलक्यांइतके आहे. कोणताही पदार्थ वर्ज्य न करता, कोणताही नियम न घेता, ताटातून तीन फुलके आपोआप उतरले.

जैन घरांत बाह्य तपांमध्ये ऊणोदरीचे, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याचे, महत्त्व लहानपणापासून ऐकायला मिळते. ऊणोदरी साधायची तर ‘आता पुरे’ हा शरीराचा निरोप ऐकू यावा लागतो. अपुरी निद्रा नेमका तोच निरोप पुसट करते.

सूर्यास्ताचे भोजन आणि मध्यरात्रीची शय्या

उपनगरातील रात्र लहान का होते, याचा हिशेब सोपा आहे. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. दक्षिण मुंबईतील पेढी सायंकाळी सातला बंद झाली, तर स्थानकापर्यंतची चाल, गाडीतील तासभर आणि पुढची रिक्षा धरून घर गाठायला पावणेनऊ होतात. हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत साडेनऊ. जेवून लगेच निजता येत नाही, म्हणून दूरचित्रवाणी. तिच्यानंतर हातात मोबाइल. बारा कधी वाजतात ते कळत नाही.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याचा दिवस यापेक्षा वेगळा असतो. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतरही क्षितिजावर असतो. म्हणून हिवाळ्यात चौविहाराचा दुसरा डबा सोबत न्यावा लागतो आणि तो कार्यालयातच साडेपाचला उघडावा लागतो. भोजन लवकर होते, हे उत्तमच. लवकर जेवण्याच्या बाजूने आधुनिक अभ्यासांतूनही काही पुरावा मिळू लागला आहे. २०२२ मध्ये बोस्टन येथे सोळा स्थूल व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्यांना तेच जेवण चार तास उशिरा दिले, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाव्यय मंदावला. त्याआधी २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनपूर्वीच दिवसाचे सर्व भोजन दिले गेले. वजन फारसे न घटताही त्यांचे शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले आणि रक्तदाबही उतरला. हे प्रयोग लहान आहेत. त्यांच्यावरून कोणत्याही धर्मनियमाला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळाले, असे म्हणणे घाईचे होईल. रात्रिभोजनत्यागाचा मूळ आधार अहिंसा आहे आणि त्याला अशा प्रमाणपत्राची गरजही नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणारा माणूस साडेदहाला निजला, तर त्याचा नियम सुखाने पार पडतो. तोच माणूस साडेबारापर्यंत जागला, तर जेवणानंतर सहा-सात तासांचे जागेपण त्याच्या वाट्याला येते. घरातील इतर मंडळी दहाला जेवत असतात, मोबाइलच्या पडद्यावर खाद्यपदार्थांच्या चित्रफिती सरकत असतात आणि घ्रेलिन आपले काम करीत असते. नियम दृढ असेल तर रात्र कशीबशी निभते. परंतु दुसऱ्या दिवशी नवकारशीची वेळ होताच, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, ताटावर पडणारी झडप पाहण्यासारखी असते. नियम दृढ नसेल तर तो शनिवार-रविवारी सुटतो. घाटकोपरच्या खाऊगल्लीत रात्री अकरा वाजता कांदा-बटाट्याविना केलेली पावभाजी मिळते. तिच्या नावामागे ‘जैन’ हा शब्द लागला, म्हणून घड्याळातील अकरा काही मागे जात नाहीत.

सारांश, सूर्यास्ताचे भोजन आणि मध्यरात्रीची शय्या यांची जोडी जमत नाही. पूर्वीच्या घरांत ज्या दिव्याबरोबर चूल निवे, त्याच दिव्याबरोबर घरही निजे. आज चूल निवते, घर मात्र जागे राहते.

पाऊल का उचलत नाही

व्यायामाच्या बाबतीत अपुऱ्या झोपेचे नुकसान दुहेरी आहे. झोप कमी झालेला माणूस दुसऱ्या दिवशी नकळत कमी हालचाल करतो. जिन्याऐवजी उद्वाहन, दहा मिनिटांच्या चालीऐवजी रिक्षा, उभे राहण्याऐवजी बसणे, अशा लहानलहान निवडींमधून दिवसभराची हालचाल घटत जाते. ‘आज चाललो नाही’ एवढेच लक्षात राहते. ‘काल निजलो नाही’ हे विसरले जाते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शिकागो येथील २०१० मधील एका अभ्यासात दहा स्थूल व्यक्तींना सारखाच मोजका आहार दोन वेळा, दोन-दोन आठवडे दिला गेला. एकदा साडेआठ तासांच्या झोपेसह आणि एकदा साडेपाच तासांच्या. वजन दोन्ही वेळा सारखेच, सुमारे तीन किलो, उतरले. परंतु पुरेशा झोपेत त्यांपैकी १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो. उरलेला भाग मुख्यतः स्नायूंसारख्या चरबीरहित ऊतींचा होता. काटा तोच आकडा दाखवतो. शरीर मात्र दुबळे होत जाते. शाकाहारी घरांतील चाळिशीपुढच्या माणसांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण डाळी, कडधान्ये आणि दूध यांचे प्रमाण ताटात कमी असेल, तर गेलेले स्नायू परत मिळवणे आणखी कठीण होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे चालायला येणाऱ्यांची गर्दी पाहिली, की या सूचनेचे पालन होत असल्याचा आनंद वाटतो. पण त्या गर्दीत काहीजण बाराला निजून साडेचारला उठून आलेले असतात. त्यांनी चालण्यासाठीची वेळ झोपेतून काढलेली असते. हा व्यवहार तोट्याचा आहे. ही चाळीस मिनिटे रात्रीच्या पडद्यासमोरील दोन तासांतून काढावीत; झोपेच्या पाच तासांतून काढू नयेत.

व्यायामाने झोप सुधारते, हेही खरे; परंतु ती एका दिवसात सुधारत नाही. निद्रानाश असलेल्या काही ज्येष्ठ महिलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात सोळा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने झोप सुधारली. मात्र ज्या रात्री झोप वाईट लागली, तिच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम थोडा कमी होई. म्हणजे चक्र दोन्ही दिशांनी फिरते. ते योग्य दिशेने फिरू लागेपर्यंत दोन-चार महिन्यांचा धीर हवा.

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे

सात तास बिछान्यात पडणे म्हणजे सात तास झोपणे नव्हे. या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईतच झाला आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मंडळी स्वतःला निरोगी समजणारी होती. तरीही त्यांच्यात झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण १९.५ टक्के आढळले; आणि श्वास अडखळण्याबरोबरच दिवसा पेंगही येते, असा पूर्ण विकार ७.५ टक्के पुरुषांमध्ये दिसला. वाढलेले वजन, जाड मान आणि मधुमेह यांचा त्याच्याशी संबंध होता.

घरातील वडीलधारे मोठ्याने घोरतात, तेव्हा ‘दमले आहेत, गाढ झोपलेत’ असे कौतुकाने म्हटले जाते. घोरता घोरता श्वास काही क्षण थांबत असेल, सकाळी डोके जड राहत असेल, दिवसा बसल्या जागी डोळे मिटत असतील, तर ते कौतुक बाजूला ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. या विकारात झोप शेकडो वेळा तुटते आणि सकाळी त्यातले काहीही आठवत नाही. अशा माणसाला आहार आणि व्यायामाचा उपदेश कितीही केला, तरी आधी श्वास मोकळा झाल्याविना तो फळत नाही.

प्रमाद कशाला म्हणावे

येथे एक शंका स्वाभाविक आहे. शास्त्रांत निद्रेची गणना प्रमादात केली आहे. दर्शनावरणीय कर्माच्या भेदांतही निद्रेचे पाच प्रकार सांगितले आहेत. साधूंची रात्रही स्वाध्याय आणि ध्यानासाठी वाटून दिलेली असते, निद्रेला त्यात थोडाच वाटा असतो. मग कमी झोपणे हा गुण का मानू नये?

उत्तर त्याच शास्त्रीय वर्गीकरणात शोधता येते. निद्रेबरोबर प्रमादांमध्ये विकथाही मोजली आहे, म्हणजे निरर्थक गप्पा आणि चर्चा. उपनगरातील गृहस्थाने वाचवलेली झोप स्वाध्यायाकडे जात असती, तर गोष्ट वेगळी होती. ती जाते मालिकांकडे, क्रिकेटच्या सामन्यांकडे आणि मोबाइलवरील वादांकडे. एका प्रमादातून वाचवलेला वेळ दुसऱ्यात खर्च होतो. शिवाय साधूंच्या दिनचर्येत चर्चगेटचा प्रवास नसतो, हप्त्यांची चिंता नसते आणि हाती वाहनही नसते.

बसल्या किंवा उभ्या जागी येणाऱ्या डुलकीला परंपरेने ‘प्रचला’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. सकाळच्या लोकलमध्ये दांडीला धरून डुलणारे प्रवासी पाहिले, की या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ४८ मिनिटांच्या सामायिकात ज्याची मान तीनदा कलंडते, त्याने रात्री निद्रा जिंकली नव्हती. ती केवळ सकाळवर ढकलली होती. आयुर्वेदाने तर शरीराच्या तीन आधारस्तंभांत आहाराच्या शेजारीच निद्रेला स्थान दिले आहे. चरकसंहितेतील या तीन उपस्तंभांपैकी एक खचला, की उरलेल्या दोहोंवर भार येतो.

घरात सर्वांत शेवटी कोण निजते

झोपेचा विचार एकट्या कर्त्या पुरुषाचा करून भागत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. चौविहार पाळणारे सासू-सासरे, नऊला परतणारा पती आणि दहाला शिकवणीतून येणारा मुलगा अशी तीन वेगवेगळी ताटे वाढणारी गृहिणी सर्वांत शेवटी निजते. आणि पाणी भरण्यासाठी व डब्यांसाठी सर्वांत आधी उठते. तिची रक्तशर्करा वाढली, की तिला ‘गोड कमी खा’ असे सांगितले जाते. त्याऐवजी रात्रीची भांडी दुसऱ्या कोणी घासली, तर ते अधिक नेमके औषध ठरेल.

घराबाहेरचा कोलाहल हाही प्रश्न आहेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर सर्वसाधारण बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शांत झोप हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग मानला. मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये, एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब रात्रभर नोंदवला गेल्याच्या प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे बजावले. समाजाच्या संस्थांनाही यातून काही घेता येईल. रात्री साडेनऊला सुरू होऊन बारापर्यंत चालणारे भक्तिसंगीताचे कार्यक्रम दोन तास अलीकडे आणले, तर भक्ती उणी होत नाही. आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात श्रोतेही जागे राहतात.

चातुर्मासासाठी एक नियम

उपाय करताना सर्व गोष्टी एकदम बदलू नयेत. आरंभ ताटापासून नव्हे, शय्येपासून करावा. निजण्याची वेळ आठवड्याला पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली, तर साडेबाराचे साडेदहा व्हायला दोन महिने लागतात. एवढ्या संथ बदलाला शरीर विरोध करीत नाही.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर टाळावी. निजण्यापूर्वी सहा तास आधी घेतलेल्या भरपूर कॅफिननेही झोप तासाहून अधिक घटते, असे २०१३ मधील एका अभ्यासात दिसले आहे. जे चौविहार पाळत नाहीत, त्यांनी परतीच्या प्रवासापूर्वीच घरून आणलेला दुसरा डबा संपवावा आणि घरी आल्यावर हलके काही घ्यावे. एका खोलीत चारजण निजत असतील, तेथे दूरचित्रवाणी बंद करण्याची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी आणि मोबाइल स्वयंपाकघरात भारणीला लावावेत. रविवारीही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा अधिक पुढे नेऊ नये. चालण्यासाठी वेगळी वेळ मिळत नसेल, तर स्थानक ते घर ही वाट पायी धरावी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवासातील पुष्कळ वेळ वाचला. तो वेळ झोपेच्या खात्यात जमा झाला की मोबाइलच्या, याचा हिशेब ज्याचा त्याने पाहावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी वैद्यांना अवश्य विचारावे. रात्रीच्या दीर्घ उपाशीपणात साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांनी दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोप मिळेल एवढे तरी पाहावे.

चातुर्मासात घरोघरी नियम घेतले जातात. कोणी हिरवी भाजी सोडते, कोणी गोड, कोणी बाहेरचे खाणे. यंदा त्या यादीत आणखी एक ओळ लिहिता येईल: साडेदहाला घरातील शेवटचा दिवा बंद. हा नियम कोणा एकाला घेता येत नाही. साऱ्या घराने मिळूनच तो घ्यावा लागतो. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तो टिकला, तर बाकीचे नियम पाळणे किती सोपे झाले, हे त्या घराला कोणी सांगावे लागणार नाही.